सूर्यासारख्या ताऱ्यांची चुंबकीय चक्रे क्ष-किरणांतून कशी शोधावीत: इंदूरच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

इंदूरच्या होळकर विज्ञान महाविद्यालयात, देवी अहिल्या विद्यापीठात किंवा सिमरोळच्या आयआयटीत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी खगोलशास्त्रातला विषय हवा असतो, तेव्हा पहिली अडचण दुर्बिणीची वाटते. शहराचे आकाश उजळलेले असते आणि पावसाळ्याचे चार महिने तर ते दिसतही नाही. या लेखात ज्या विषयाची कार्यपद्धती सांगितली आहे, त्याला ही अडचण लागू होत नाही. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, त्यामुळे ते टिपणाऱ्या दुर्बिणी अवकाशातच असतात. त्यांनी गेल्या तीन दशकांहून अधिक काळ केलेली निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना विनामूल्य खुली होतात, आणि ती हाताळण्यासाठी एक साधा लॅपटॉप, लिनक्स प्रणाली आणि बरीच चिकाटी एवढेच लागते.

या कामात नियतकाल शोधण्याचे गणित सर्वांत सोपे आहे. कष्ट पडतात ते वीस वर्षांच्या निरीक्षणांतला प्रत्येक बिंदू एकाच अर्थाचा आहे याची खात्री करून घेण्यात. म्हणून पुढील विवेचनात सर्वाधिक जागा त्या खात्रीलाच दिली आहे.

आधी सूर्य नीट समजून घ्यावा

जर्मनीतल्या डेसाऊ येथील औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे यांनी १८२६ पासून रोज सौरडाग मोजले आणि १८४३ मध्ये त्यांच्या संख्येत सुमारे दहा वर्षांची चढउतार आहे असे जाहीर केले. पुढे हा काळ सरासरी ११ वर्षांचा ठरला. सौरडागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते हे जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखवले, आणि प्रत्येक चक्रानंतर ध्रुवीयता उलटते हे लक्षात आल्यावर पूर्ण चुंबकीय चक्र २२ वर्षांचे आहे हे स्पष्ट झाले. दूरच्या ताऱ्यावरचे डाग असे मोजता येत नाहीत, कारण तारा आपल्याला केवळ एक बिंदू दिसतो. दृश्य प्रकाशातही फारसे हाती लागत नाही. ११ वर्षांच्या चक्रात सूर्याची एकूण तेजस्विता जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते, आणि घराच्या गच्चीवरच्या दुर्बिणीने दुसऱ्या ताऱ्यातला एवढा सावकाश आणि सूक्ष्म बदल पकडणे शक्य नाही.

क्ष-किरणांत मात्र चित्र पालटते. सूर्याच्या दीप्तिगोलाचे, म्हणजे दिसणाऱ्या पृष्ठभागाचे, तापमान सुमारे ५,८०० केल्विन असले, तरी त्याबाहेरच्या किरीटाचे, म्हणजे कोरोनाचे, तापमान दहा ते वीस लाख केल्विन असते आणि सक्रिय प्रदेशांवर ते आणखी वाढते. हा तप्त वायू चुंबकीय कमानींत अडकलेला असतो आणि मुख्यतः मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत तळपतो. चुंबकीय सक्रियता वाढली की अशा कमानी वाढतात. त्यामुळे चक्राच्या किमानापासून कमालापर्यंत सूर्याचे मृदू क्ष-किरण सुमारे दहापट वाढतात. ०.१ टक्का आणि दहापट यांतले अंतर हेच या पद्धतीचे बळ आहे.

या दोहोंच्या मध्ये वर्णगोलाचा, म्हणजे दीप्तिगोल आणि कोरोना यांमधल्या थराचा, मार्ग आहे आणि इतिहासात तोच आधी आला. ऑलिन विल्सन यांनी १९६६ पासून माउंट विल्सन वेधशाळेत, आयनीभूत कॅल्शियमच्या ३,९३४ आणि ३,९६८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या रेषांची तीव्रता शंभराच्या आसपास ताऱ्यांसाठी वर्षानुवर्षे मोजली. त्या मोजणीला एस-निर्देशांक म्हणतात. कोणत्या ताऱ्याला चक्र आहे, कोणता सपाट आहे आणि कोणता अनियमित आहे, हे आपल्याला प्रामुख्याने या परंपरेमुळे कळले. क्ष-किरणांच्या अभ्यासासाठी तारा निवडताना आजही सुरुवात या यादीपासूनच होते.

तारा कोणता निवडावा

ज्यांच्या कोरोनात चक्र दिसल्याचे ठामपणे म्हणता येते असे सूर्यसदृश तारे फार थोडे आहेत, त्यामुळे निवड करताना गोंधळ होण्याचे कारण नाही.

नवशिक्याने ६१ सिग्नी ए हाच तारा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या सुमारास अंधार पडताच हंस तारकासमूह इंदूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्यातली ही जोडी साध्या द्विनेत्रीतून शोधता येते. १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेल यांनी ज्याचा पराशय (पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या प्रवासामुळे दिसणारा स्थानबदल) मोजून ताऱ्याचे अंतर प्रथमच प्रसिद्ध केले, तो हाच तारा, अंतर ११.४ प्रकाशवर्षे. ए हा सूर्यापेक्षा थंड, के-वर्गातला तारा असून स्वतःभोवती सुमारे ३५ दिवसांत फिरतो. त्याच्या कॅल्शियम रेषांचे चक्र सुमारे ७.३ वर्षांचे आहे आणि क्ष-किरण त्याच तालात वरखाली होतात. १९९० च्या दशकात रोसॅट उपग्रहाने आणि २००२ पासून एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीने त्याचे वेध घेतले आहेत. २०१६ मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या अभ्यासातून त्याचे चुंबकीय क्षेत्र सूर्याप्रमाणेच उलटते हेही दिसून आले. एकाच ताऱ्यावर तीन स्वतंत्र पुरावे जुळण्याचा असा योग क्वचितच येतो.

एचडी ८१८०९ हा दुसरा उत्तम पर्याय. त्याचे चक्र सुमारे ८.२ वर्षांचे असून एक्सएमएम-न्यूटनने २००१ पासून त्याचा पाठपुरावा केला आहे. हा प्रत्यक्षात जोडतारा आहे आणि क्ष-किरण दुर्बिणीत त्याचे दोन घटक वेगळे होत नाहीत, ही मर्यादा प्रबंधात लिहावीच लागते. अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपल्याकडचा मित्र, वैशाखातल्या रात्री इंदूरच्या दक्षिण क्षितिजावर जेमतेम साडेसहा अंश वर येतो. त्याच्या ए घटकाचे चक्र सुमारे १९ वर्षांचे आणि बी घटकाचे सुमारे ८ वर्षांचे आहे. पण दोघांमधले कोनीय अंतर बराच काळ इतके कमी राहिले की, चंद्रा दुर्बिणीसारखी तीक्ष्ण दृष्टी असल्याशिवाय ते वेगळे करता येत नाहीत.

तरुण तारे घ्यायचे असतील तर दोन नावे आहेत. सुमारे ६० कोटी वर्षे वयाच्या आयोटा होरोलॉजीचे चक्र फक्त १.६ वर्षांचे आहे, तर एप्सिलॉन एरिडानीचे सुमारे ३ वर्षांचे. लहान चक्र म्हणजे लवकर निकाल, असा मोह येथे होतो आणि तो फसवा आहे. तरुण ताऱ्याच्या पृष्ठभागाचा बराचसा भाग सक्रिय प्रदेशांनी कायमच व्यापलेला असतो, त्यामुळे चक्राच्या किमानातही तो फारसा मंदावत नाही आणि चढउताराचा आवाका लहान राहतो. सूर्याचा आवाका दहापट, ६१ सिग्नी ए चा तिपटीच्या आसपास आणि एप्सिलॉन एरिडानीचा त्याहूनही कमी आहे. आवाका जितका लहान, तितकी पुढे सांगितलेली प्रत्येक चूक घातक ठरते.

निरीक्षणे मिळवणे

एक्सएमएम-न्यूटन आणि चंद्रा या दोन्ही दुर्बिणी १९९९ मध्ये अवकाशात गेल्या. एक्सएमएमचा संग्रह युरोपीय अवकाश संस्थेकडे, चंद्राचा हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राकडे, तर रोसॅट आणि स्विफ्ट यांचे वेध नासाच्या हीसार्क संग्रहात मिळतात. ताऱ्याचे नाव टाकले की सर्व निरीक्षणांची यादी येते. ती एका तक्त्यात उतरवून घ्यावी आणि निरीक्षण क्रमांक, आरंभाची वेळ, एकूण कालावधी, उपकरण, खिडकीचा प्रकार (शोधकाचा किती भाग वाचला गेला) आणि प्रकाश-गाळणी हे सगळे रकाने पहिल्याच दिवशी भरावेत. गाळणीचा रकाना अनेकजण सोडतात. एक्सएमएमच्या कॅमेऱ्यांवर पातळ, मध्यम आणि जाड अशा गाळण्या असतात, कारण तेजस्वी ताऱ्याचा दृश्य प्रकाशही शोधकात विद्युतभार निर्माण करून खोट्या मृदू क्ष-किरणांचा आभास देतो. दोन वर्षांत दोन वेगळ्या गाळण्या वापरल्या गेल्या असतील, तर त्या बिंदूंमधला फरक ताऱ्याचा आहे की गाळणीचा, हा प्रश्न शेवटी उभा राहतो आणि तेव्हा तो सुटत नाही.

यादी पाहताना सहा-सहा महिन्यांचे अंतर वारंवार दिसेल. एक्सएमएमला सूर्यापासून साधारण ७० ते ११० अंशांच्या पट्ट्यातच वळता येते, त्यामुळे बहुतेक ताऱ्यांना वर्षातून दोनदा भेटीची मुदत मिळते. या नियमित अंतराचा परिणाम नियतकाल शोधताना भोगावा लागतो.

२०१९ मध्ये गेलेल्या ईरोसिटा दुर्बिणीने दर सहा महिन्यांनी संपूर्ण आकाश चाळले, पण २०२२ च्या फेब्रुवारीत तिचे काम थांबले. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या चाळणीतल्या अर्ध्या आकाशाची माहिती खुली झाली. एप्सिलॉन एरिडानी त्या अर्ध्यात येतो, ६१ सिग्नी येत नाही. आपल्या ॲस्ट्रोसॅटवरची मृदू क्ष-किरण दुर्बीण ०.३ ते ८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) या पट्ट्यात पाहते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या या दुर्बिणीचा आपल्याला अभिमान वाटावा, पण तिची प्रतिमा काही कलामिनिटे (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि त्याचा साठावा भाग म्हणजे कलासेकंद) पसरलेली असते, म्हणून जवळच्या जोडीसाठी ती निवडू नये.

शुद्धीकरण

एक्सएमएमसाठी एसएएस ही संगणकप्रणाली वापरतात. तिच्याबरोबर त्या-त्या तारखेच्या अंशांकनाच्या, म्हणजे उपकरणाच्या प्रतिसादाची मापे देणाऱ्या, फायली उतरवाव्या लागतात. कच्च्या माहितीवर ईपीप्रॉक ही आज्ञा चालवली की एक्सएमएमवरच्या पी-एन या कॅमेऱ्याची घटना-यादी तयार होते. तीत प्रत्येक फोटॉनची वेळ, जागा आणि ऊर्जा नोंदलेली असते. वीस वर्षांतली सर्व निरीक्षणे प्रणालीच्या एकाच आवृत्तीने आणि एकाच दिवशीच्या अंशांकनाने पुन्हा प्रक्रिया करावीत. तयार मिळणाऱ्या जुन्या फायली वापरल्यास वेळ वाचतो खरा, पण २००३ ची फाइल आणि २०२० ची फाइल वेगवेगळ्या अंशांकनांची निघण्याचा धोका पत्करावा लागतो.

त्यानंतर पार्श्वभूमीचे उद्रेक काढावेत. सूर्याकडून आणि पृथ्वीच्या चुंबकावरणातून येणारे मृदू प्रोटॉन दुर्बिणीच्या आरशांवरून थेट शोधकावर येतात आणि काही मिनिटे किंवा तासभर सगळी चकती उजळून टाकतात. पी-एनसाठी १० ते १२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यातल्या एकेरी घटनांचा संपूर्ण चकतीचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार नोंदींचा आलेख, काढून, सेकंदाला ०.४ पेक्षा जास्त नोंदी असलेले कालखंड वगळण्याचा प्रघात आहे. मृदू तारा इतक्या उंच ऊर्जेत जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून या पट्ट्यातली वाढ ताऱ्याची नसते. लहान खिडकीच्या प्रकारात चकतीचा भाग कमी वाचला जात असल्याने ही मर्यादा प्रकाशवक्र डोळ्यांनी पाहून ठरवावी. वर्णपटासाठी पॅटर्न ० ते ४ (एका किंवा दोन चित्रबिंदूंत नोंदलेल्या) आणि फ्लॅग शून्य (दोषाची खूण नसलेल्या) घटनाच ठेवाव्यात.

आता वर्तुळ आखण्याकडे वळू. ६१ सिग्नीची निजगती, म्हणजे आकाशात जागा बदलण्याचा वेग, वर्षाला सुमारे ५.२ कलासेकंद आहे. वीस वर्षांत तारा शंभर कलासेकंदांहून अधिक सरकतो. पहिल्या निरीक्षणात आखलेले वर्तुळ पुढच्या सर्व निरीक्षणांना लावले, तर तारा काही वर्षांतच त्यातून निसटतो आणि प्रकाशवक्रात तेज मंदावल्याचा सुरेख, पण पूर्णपणे खोटा उतार दिसतो. प्रत्येक तारखेसाठी निजगती धरून स्थान काढावे आणि प्रतिमेवर ते तपासावे.

दुसरी काळजी शेजाऱ्याची. ए आणि बी यांच्यात सुमारे ३१ कलासेकंदांचे अंतर आहे आणि बी स्वतःही बदलता आहे. म्हणून ए भोवतीची त्रिज्या १५ कलासेकंदांपलीकडे नेऊ नये. एक्सएमएमच्या प्रतिमेत निम्मी ऊर्जा साधारण १५ कलासेकंद व्यासाच्या वर्तुळात सामावते, त्यामुळे एवढ्या लहान वर्तुळातही पुरेसे फोटॉन मिळतात आणि बाहेर राहिलेल्यांची भरपाई एआरएफजेन ही आज्ञा करते. त्रिज्या एकदा ठरवली की सर्व निरीक्षणांत तीच ठेवावी. पार्श्वभूमीचे वर्तुळ त्याच चिपवर, साधारण त्याच ओळींच्या उंचीवर आणि दोन्ही ताऱ्यांपासून दूर घ्यावे. ईपॅटप्लॉट चालवून फोटॉनांची गर्दी एकमेकांत मिसळली नाही ना, हेही पाहावे. या ताऱ्यांच्या बाबतीत ती सहसा नसते.

ज्वाला ओळखणे

ताऱ्याच्या स्वतःच्या ज्वाला हा शोधकाच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळा प्रश्न आहे. काही तासांच्या निरीक्षणात एखादी ज्वाला आली, तर सरासरी तेज दुप्पटही होऊ शकते आणि तो बिंदू चक्राच्या कमालाचा भास देतो. यासाठी ०.२ ते २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट पट्ट्यात दोनशे-तीनशे सेकंदांच्या खान्यांचा प्रकाशवक्र काढावा. झपाट्याने चढणारी आणि सावकाश उतरणारी आकृती दिसली, आणि त्याच वेळी कठीण क्ष-किरणांचे मृदू क्ष-किरणांशी प्रमाण वाढले, तर ती ज्वाला समजून तो कालखंड वगळावा. निरीक्षण ज्वालेच्या उतारातच सुरू झाले असेल तर चढ दिसत नाही. अशा वेळी केवळ वाढलेले तापमान ज्वालेची साक्ष देते.

ज्वाला काढायच्या की ठेवायच्या, याचा नियम नियतकाल पाहण्याआधी लिहून ठेवावा. वक्ररेषेत न बसणारा बिंदू नंतर ज्वाला म्हणून काढण्याचा मोह मोठा असतो, आणि त्याने निकालाचा सगळा अर्थच जातो. काढलेले आणि न काढलेले असे दोन्ही संच जपून ठेवावेत व दोन्हींवर अंतिम चाचणी करावी.

वर्णपटापासून तेजस्वितेपर्यंत

प्रत्येक निरीक्षणाचा वर्णपट, पार्श्वभूमी आणि त्या तारखेचे दोन प्रतिसाद-तक्ते तयार झाल्यावर एक्सस्पेक या प्रणालीत प्रतिरूप, म्हणजे गणिती नमुना, बसवावे. कोरोनाचा वायू विरळ आणि तप्त असल्याने एपेक हे प्रतिरूप योग्य ठरते. ६१ सिग्नी ए सारख्या ताऱ्याला बहुधा दोन तापमाने पुरतात, एक ०.२ ते ०.३ आणि दुसरे ०.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे १ कोटी १६ लाख केल्विन, हे सूत्र लक्षात ठेवले की तापमानाचा अर्थ लगेच कळतो. इतक्या जवळच्या ताऱ्यापर्यंत आंतरतारकीय हायड्रोजन नगण्य असतो, म्हणून त्याचा स्तंभ एका लहान किमतीवर स्थिर ठेवावा.

मूलद्रव्यांचे प्रमाण दर निरीक्षणात मोकळे सोडू नये. कमी फोटॉन असलेल्या वर्णपटात ते प्रमाण आणि वायूचे परिमाण (किती तप्त वायू तळपतो आहे) एकमेकांच्या चुका झाकतात. सर्व निरीक्षणे एकत्र बसवून प्रमाण सर्वांना समान ठेवावे आणि फक्त तापमाने व परिमाणे बदलू द्यावीत. फोटॉन शंभर-दोनशेच असतील तर काय-वर्गाऐवजी कॅश सांख्यिकी वापरावी.

यातून ०.२ ते २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट या एकाच पट्ट्यातला अभिवाह आणि त्याची त्रुटी काढावी. अभिवाह म्हणजे दर सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरवर पडणारी ऊर्जा. तो ताऱ्याभोवतीच्या, आपल्यापर्यंतच्या अंतराएवढ्या त्रिज्येच्या गोलाच्या क्षेत्रफळाने गुणला की तेजस्विता मिळते. ६१ सिग्नीचे अंतर ३.५ पार्सेक, म्हणजे सुमारे १.०८ गुणिले १० चा १९वा घात सेंटिमीटर. त्यामुळे गोलाचे क्षेत्रफळ सुमारे १.४७ गुणिले १० चा ३९वा घात चौरस सेंटिमीटर येते. अभिवाह १० चा उणे १२वा घात अर्ग असेल, तर तेजस्विता सेकंदाला सुमारे १.५ गुणिले १० चा २७वा घात अर्ग होते. आपले उत्तर याच पातळीजवळ नसेल, तर एककांत कुठेतरी घोळ आहे असे समजून मागे जावे.

पट्ट्याचा प्रश्न, आणि अल्फा सेंटॉरी ए ने दिलेला धडा

पट्टा एकच ठेवण्याचा आग्रह एवढा का, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून स्पष्ट होईल. २००५ च्या सुमारास एक्सएमएमच्या निरीक्षणांत अल्फा सेंटॉरी ए चे क्ष-किरण दहापटीहून अधिक मंदावल्याचे दिसले. सूर्याशी इतके साम्य असलेल्या ताऱ्याचा कोरोना विझला की काय, असा प्रश्न उभा राहिला. चंद्राच्या वर्णपटलेखकाने ताऱ्याकडे अधिक लांब तरंगलांबीत पाहिले, तेव्हा दहा लाख केल्विनचा थंड वायू तेथे होताच, आणि त्याच्या रेषा फारशा मंदावलेल्या नव्हत्या. नाहीसा झाला होता तो त्याहून तप्त वायू. एक्सएमएमचा पट्टा ०.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली अंध होत जातो, म्हणून थंडावलेला कोरोना त्याला जवळजवळ विझलेला दिसला. ताऱ्याच्या चक्राचा किमान खरा होता, पण त्याची खोली उपकरणाने अनेकपटीने वाढवून दाखवली होती.

यावरून दोन नियम निघतात. रोसॅटचा पट्टा ०.१ ते २.४, एक्सएमएमचा ०.२ पासून पुढे आणि चंद्राच्या एचआरसी कॅमेऱ्याला तर ऊर्जेचा भेद जवळजवळ कळतच नाही. यांच्या नोंदी तशाच एका आलेखात मांडणे म्हणजे एका पेठेत शेराने आणि दुसऱ्या पेठेत किलोने तोललेला गहू एकाच वहीत बेरजेला धरणे होय. रूपांतर करायचे तर त्या वेळच्या तापमानाचे प्रतिरूप वापरूनच करावे आणि त्या रूपांतराची अनिश्चितता त्रुटीत मिळवावी. चंद्राच्या एसीआयएस कॅमेऱ्यावर वर्षागणिक साचलेल्या थरामुळे त्याची मृदू क्ष-किरणांची संवेदनशीलता बरीच घटली आहे, हेही ध्यानात ठेवावे. कोणत्याही नव्या अभ्यासात शक्यतो एकाच दुर्बिणीच्या एकाच कॅमेऱ्यावर मुख्य निष्कर्ष उभारावा आणि बाकीच्यांना साक्षीदाराचे स्थान द्यावे. या कामासाठी पी-एन कॅमेरा मला सर्वांत विश्वासाचा वाटतो.

दुसरा नियम सूर्याशी तुलनेचा आहे. सूर्याचे क्ष-किरण सतत मोजणाऱ्या अमेरिकी गोज उपग्रहांचा प्रसिद्ध १ ते ८ अँगस्ट्रॉमचा पट्टा साधारण १.५ ते १२.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, आणि त्यात सूर्याच्या चक्राचा आवाका मृदू पट्ट्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. चंद्रयान-२ वरील सौर क्ष-किरण निरीक्षक १ ते १५, तर आदित्य-एल१ वरील सोलेक्स २ ते २२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये पाहतो. ही आपल्या देशाची उपकरणे सौरज्वालांच्या अभ्यासात अमूल्य आहेत. पण त्यांचे आकडे ६१ सिग्नीच्या ०.२ ते २ च्या आकड्यांशेजारी थेट ठेवू नयेत.

नियतकाल शोधणे

आता आपल्यापाशी तारीख, तेजस्वितेचा लॉगॅरिथम आणि त्रुटी असे तीन रकाने आहेत. चारशे फोटॉन असतील तर मोजणीची त्रुटी ५ टक्के असते, पण बिंदू प्रत्यक्षात त्याहून बरेच विखुरलेले दिसतात. तारा फिरतो, सक्रिय प्रदेश समोर येतो आणि मागे जातो, लहान ज्वाला चालू राहतात. हे सगळे मोजणीच्या त्रुटीत येत नाही. म्हणून प्रतिरूपात अंगभूत विखुरणीचे एक पद जोडावे आणि त्याची किंमत माहितीवरूनच ठरू द्यावी. एका भेटीत कालावधी चौपट केला तरी ही विखुरण कमी होत नाही, तर भेटी वाढवल्या की कमी होते. दुर्बिणीचा वेळ मागण्याची संधी आलीच, तर एका दीर्घ निरीक्षणाऐवजी अनेक लहान निरीक्षणे मागावीत.

विषम अंतराच्या माहितीसाठी लोम्ब-स्कार्गल पद्धत वापरतात. पायथनच्या ॲस्ट्रोपाय संचात ती तयार मिळते. सरासरी मोकळी ठेवणारा तिचा प्रकार घ्यावा, कारण बिंदू थोडे असतात. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या माहितीत एका वर्षापेक्षा लहान नियतकाल शोधण्यात अर्थ नाही. आयोटा होरोलॉजीचे १.६ वर्षांचे चक्र या मर्यादेच्या जेमतेम वर आहे, म्हणून त्याला दाट वेध लागतात. वरच्या बाजूला, ज्याची दीड-दोन आवर्तने तरी निरीक्षणांत आली आहेत असेच चक्र सिद्ध झाले असे म्हणावे. अल्फा सेंटॉरी ए च्या १९ वर्षांच्या चक्राविषयी या कसोटीवर अजून सावध राहावे लागते.

शिखर दिसले की बहुतेक विद्यार्थी येथे थांबतात, पण खरी कसोटी येथून सुरू होते. तेजस्वितेच्या किमती तारखांवर सहस्र वेळा यदृच्छ फेरफार करून वाटाव्यात आणि इतके उंच शिखर निव्वळ योगायोगाने किती वेळा येते ते पाहावे. त्यानंतर याहून कडक चाचणी करावी. चक्र नसलेला, फक्त ३५ दिवसांनी फिरणारा आणि सक्रिय प्रदेश काही आवर्तनांनी बदलणारा तारा संगणकात तयार करून तो आपल्या खऱ्या तारखांनाच पाहावा. सहा महिन्यांच्या नियमित भेटींमुळे जलद परिवलन कधीकधी अनेक वर्षांच्या संथ लाटेसारखे भासते. अशा बनावट ताऱ्यांतही आपले शिखर वारंवार येत असेल, तर दावा मागे घ्यावा.

शेवटी एस-निर्देशांकाशी मेळ घालावा. माउंट विल्सनच्या जुन्या मोजण्या आता खुल्या आहेत. कॅल्शियमचे नियतकाल आधी स्वतंत्रपणे काढून, ते क्ष-किरणांच्या माहितीवर स्थिर ठेवून फक्त आवाका आणि कला (चढउतार कोणत्या वेळी कमालावर येतो ते) बसवावी. दोन्हींची कला जुळली तर थोड्या बिंदूंवरही निष्कर्ष भक्कम होतो, कारण मग आपण हजारो शक्य नियतकालांतून एक निवडत नसतो.

चक्र सापडले नाही तर

सपाट आलेख हाही निष्कर्षच आहे. ५१ पेगासी, ज्याच्याभोवती १९९५ मध्ये सूर्यसदृश ताऱ्याचा पहिला ग्रह सापडला, तो तारा क्ष-किरणांत अनेक वर्षे मंद आणि सपाट दिसला आणि सूर्याच्या सतराव्या शतकातल्या माउंडर किमानासारखी, म्हणजे डाग जवळजवळ नाहीसे झालेल्या काळासारखी, अवस्था तेथे असावी असा विचार त्यावरून मांडला गेला. अशा वेळी ‘चक्र नाही’ असे लिहू नये. बनावट माहितीत वेगवेगळ्या आवाक्यांची चक्रे मिसळून, किती आवाक्याचे चक्र आपल्या तारखांना नक्की सापडले असते ते काढावे आणि तेवढी वरची मर्यादा द्यावी. ज्या निरीक्षणात तारा दिसलाच नाही, तेथेही रिकामा रकाना न सोडता तेजस्वितेची वरची मर्यादा भरावी.

चक्र सापडले असेल, तर प्रबंध पूर्ण करण्याआधी आणखी एक काम करावे. शेवटची दोन-तीन निरीक्षणे बाजूला ठेवून उरलेल्यांवर वक्ररेषा पुन्हा बसवावी, त्या तारखांसाठी तेजस्विता वर्तवावी आणि अंगभूत विखुरण धरून आलेल्या पट्ट्यात खरे बिंदू पडतात का ते पाहावे. पुढील कमाल कोणत्या वर्षी अपेक्षित आहे, त्या वेळी तेजस्विता किती असावी आणि किती कमी निघाल्यास आपले प्रतिरूप चुकले असे समजावे, हे तिन्ही आकडे निष्कर्षात स्पष्ट लिहावेत, म्हणजे संग्रहात पुढचे निरीक्षण खुले होताच कोणालाही ते ताडून पाहता येईल.